सहा दारांतलं झाड

स्वयंपाकघरातल्या कपाटांना वाळवी लागली तेव्हा काकू चारचौघांत हळहळल्या, पण मनातून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सिंकखालचं दार बिजागरीसकट त्यांच्या हातात निखळून आलं, पायावर पिठासारखा भुसा सांडला, आणि त्यांनी आधी काय केलं असेल तर शेजारणीला हाक मारली. "बघ गं, आता नवीन केल्याशिवाय गत्यंतरच नाही!" काकू इतकी वर्षं त्या वाळवीचीच वाट बघत होत्या, असं शेजारीण पुढे सगळ्यांना सांगत सुटली.

त्यात फारसं खोटं नव्हतं. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन इमारतींमधल्या बोळात उघडायची. भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय डाळीतला खडा दिसत नसे. त्यात कपाटांची दारं गडद तपकिरी. काकूंनी मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं, कपाटं बदलली तर दारं पांढरी, चकचकीत, आरशासारखी. दिव्याचा उजेड त्यांच्यावरून उडून ओट्यावर पडला पाहिजे.

नवरा अडवणार नव्हता. अडवायला आधी माणसाला मत असावं लागतं. इमारतीतली मुलं काकांना पाठीमागे 'बरंय काका' म्हणायची आणि ते नाव त्यांना फिट्ट बसलं होतं. आयुष्यभर घाटातून बस चालवून निवृत्त झालेल्या या माणसापाशी कौतुकाचा एकुलता एक शब्द होता. भाजी कशी झालीय? बरंय. मुलीला नोकरी लागली. बरंय. लग्नानंतर काकूंनी त्यांना ओढून समुद्र दाखवायला नेलं, तर थोडा वेळ पाण्याकडे बघून म्हणाले, "बरंय. चला, परतीची गाडी चुकेल." माणूस निर्व्यसनी, शब्दाचा पक्का, घरात कधी आवाज चढवला नाही. पण काकूंना कधीकधी वाटायचं, आपण एका फार चांगल्या खांबाशी संसार केला.

दारं निवडायला दोघं एका मोठ्या दुकानात गेली. तिथे भिंतीवर नुसतीच दारं टांगलेली, मागे कपाट नाही की काही नाही. पुस्तकाची पानं उलटावीत तशी ती उलटून बघायची. चकचकीत, मंद रंगाची, दुधी काचेची, चौकटीत फळी बसवलेली, पट्ट्यापट्ट्यांची. दुकानातली मुलगी भारी उत्साही.

"काका, हे बघा, याला हँडलच नाही. नुसतं दाबलं की उघडतं."

"आणि चुकून कोपर लागलं तर?"

"तरी उघडतं."

"बरंय," काका म्हणाले.

काकूंनी पांढरं दार निवडलं. त्यात स्वतःचा चेहरा बघितला, पदराने त्यावरचा बोटाचा ठसा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगून टाकलं. मिस्त्री म्हणजे सुतारकाम करणारा, घरोबा असलेला, मोठ्या तोंडाचा माणूस. तो म्हणाला, "वहिनी, दारं येतील तेव्हा येतील. आतल्या सांगाड्याला लाकूड लागेल. उद्या वखारीत चला, डोळ्यांदेखत घ्या, म्हणजे मागाहून मला बोल नको."

अशी काका-काकू मिस्त्रीबरोबर वखारीत पोचली. पत्र्याचं छत, करवतीची घरघर, आणि हवेत ओल्या लाकडाचा असा वास की जिभेवर चव यावी. वखार चालवणारी बाई ठेंगणी, आवाजाने खणखणीत, तिच्या भुवयासुद्धा भुशाने पिवळ्या झालेल्या. मिस्त्री तिच्याशी घासाघीस करत बसला. काकू पदराचं टोक नाकाशी धरून उभ्या राहिल्या. काका मात्र कुठे दिसेनात.

ते मागच्या शेडमध्ये एका ओंडक्यासमोर उभे होते. लांबून ओंडकाच वाटत होता, साल अजून अंगावर होती. जवळ गेल्यावर कळलं, तो उभा चिरून त्याच्या फळ्या केल्या होत्या आणि त्या जशाच्या तशा एकीवर एक रचून ठेवल्या होत्या. मध्ये वारा खेळावा म्हणून बारीक काठ्या.

वखारवाली मागून आली. "सुकायला ठेवलंय, भाऊ. झाडात ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने ठेवतो आम्ही. थांबा, दाखवते." तिने एका कामगाराला हाक मारली आणि दोघांनी वरच्या फळ्या एकेक करून बाजूला उतरवल्या.

झाड उघडत गेलं. मधोमधच्या फळीत मधाच्या रंगाच्या रेषा संथ वाहत होत्या, आणि एका जागी त्या मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्याला वळसा घालून पुढे गेल्या होत्या. तिच्या वरच्या फळीत तो ठिपका मसुरीएवढा झाला होता आणि बोटभर वर सरकला होता. त्यापुढच्या फळीत सुपारीएवढा. मग लिंबाएवढा, भोवती तांबूस कडं.

"ही फांदी," वखारवाली म्हणाली. "इथे आत उगम पावली, आणि झाड जाड होत गेलं तशी बाहेर यायला निघाली. लोक म्हणतात, गाठ आहे, खोट आहे, नको. म्हणून पडून राहिलंय."

काका पुढे सरकले. त्यांनी एक बोट त्या मोहरीएवढ्या ठिपक्यावर ठेवलं, मग पुढच्या फळीवर, मग त्याच्या पुढच्या. पुन्हा पहिल्यावर. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी हा चेहरा पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं, डोळे लहान मुलासारखे, आणि तो ठरलेला शब्द काही केल्या येत नव्हता.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या.

"हिला कुणी बघितलं नव्हतं गं," काका म्हणाले. "झाड उभं होतं तोवर हा ठिपका कुणाला दिसलाच नसेल. आपण पहिले."

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. लाकडामुळे की नवऱ्यामुळे, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं.

परत येताना काकांनी स्कूटर मध्येच रस्त्याकडेला घेतली. काकू दचकल्या. ठरलेल्या थांब्याखेरीज न थांबणारा माणूस हा.

"पेट्रोल संपलं?"

"नाही." ते पुढे बघतच बोलत होते. "घाटात एक वळण होतं. तिथे आलं की मागे सगळी गाडी 'आहाहा' करायची. रोज. म्हातारी माणसं, पोरं, झोपलेली जागी व्हायची. खाली काय दिसायचं ते मला अजून ठाऊक नाही."

"म्हणजे? कधीच नाही बघितलं?"

"ड्रायव्हरने कसं बघायचं? मागे पन्नास जीव. मान वळवली की संपलं. मग सवयच लागली. गाडीतून उतरलो तरी मान वळेना."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ज्याला त्या खांब म्हणत होत्या तो खांब नव्हता, पन्नास जिवांसाठी मान ताठ धरून बसलेला माणूस होता. आणि हे कळायला एवढी वर्षं लागली याचं त्यांना हसूही आलं, रडूही.

घरी आल्यावर काकांनी लाकडाचा विषय काढला नाही. मागायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर काकूंनीच मिस्त्रीला फोन लावला. "ती गाठीची फळी दारांना चालेल का हो?"

"वहिनी, खुळ्या झालात का? वाफ, पाणी, तेल! ओट्याखाली ते लाकूड फुगून बसेल. आणि अख्खी फळी कधी वाकेल सांगता येत नाही."

"मग वर? भिंतीवरच्या सहा दारांना? चौकट करून मध्ये बसवलं तर?"

"चौकटीत सैल बसवली तर चालेल. पॉलिश नीट करावं लागेल. पण पांढऱ्याचं खूळ गेलं वाटतं?"

"गेलं कसलं! खाली पांढरंच. माझा उजेड मी सोडणार नाही."

ओळीने सहा फळ्या आणल्या. मिस्त्रीने मागे पेन्सिलने आकडे घातले आणि पॉलिश पेपर मारताना स्वतःच पुसून टाकले. दारं बसवायच्या दिवशी काका मुठी आणायला बाजारात गेले होते. काकू आत आल्या तर सहाही दारं ओट्यावर भिंतीला टेकवून उभी, आणि मिस्त्री बिजागऱ्यांसाठी भोकं पाडायला यंत्र हातात घेऊन तयार.

काकूंनी एकवार बघितलं. "थांबा."

"काय झालं?"

"ही फांदी उड्या मारतेय. लिंबाएवढी आधी, मग मोहरी, मग सुपारी. असं कुठे झाड वाढतं?"

"वहिनी, रंग बघून लावलीयत. कोण बघतंय गाठीकडे?"

"मी बघतेय ना."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला, पण दारं हलवली. काकू सांगत गेल्या. हे इकडे, ते तिकडे, नाही, ही गाठ खाली आहे, ही आधी. शेवटचं दार जागेवर गेलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

डावीकडे तो ठिपका, दिसेल न दिसेल असा. मग दारागणिक मोठा होत, वर चढत, उजवीकडे शेवटी मुठीएवढा तांबडा डोळा. खालच्या पांढऱ्या दारांवरून उडालेला दिव्याचा उजेड त्या रेषांवर पडला होता आणि रेषा हलल्यासारख्या वाटत होत्या. काकूंना वाटलं, आपण भिंतीकडे बघत नाही आहोत, चालतो आहोत. एकेका दारासरशी झाडाची वर्षं ओलांडतो आहोत. आपल्या आजीच्याही आधी केव्हातरी त्या झाडाला वाटलं असेल, इथे एक फांदी फुटावी. कुणाला न विचारता, अंधारात. त्यांनी नकळत हात जोडले.

मिस्त्री यंत्र खाली ठेवून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. "च्यायला," एवढंच म्हणाला, आणि वहिनींसमोर तोंडातून गेलं म्हणून जीभ चावली.

काका मुठींची पिशवी घेऊन आले ते दारातच थबकले. पिशवी तशीच हातात धरून डावीकडून उजवीकडे एकेक दार बघत गेले. मग काकूंनीच चहा टाकला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. काका उचलून बोलायला लागले ते थांबेचनात. ठिपका, फांदी, वखार, रेषा. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, जरा आईला द्या." काकूंनी फोन घेतला तर पलीकडून दबक्या आवाजात विचारणा, "आई, बाबांची तब्येत ठीक आहे ना गं?" काकू इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

पण काकूंच्या मनात आता वेगळाच किडा वळवळायला लागला होता. उजवीकडच्या दाराशी फांदी संपत नव्हती. पुढे आणखी फळ्या होत्या, सालीपर्यंत. त्या कुठे गेल्या? काकांना विचारलं तर तेही तोच विचार करत होते म्हणे, फक्त बोलले नव्हते.

दोघं पुन्हा वखारीत गेली. वखारवालीने हात झटकले. "गेल्या, ताई. दोन-तीन गिऱ्हाइकांनी मिळून नेल्या. एकाने जेवणाच्या टेबलासाठी, एकीने पलंगाच्या उशाकडच्या फळीसाठी. कोण कुठली माणसं, मला नाही ठाऊक. का, कमी पडलं?"

"नाही, नाही," काकू म्हणाल्या. "सहजच."

बाहेर आल्यावर त्यांनी काकांचा दंड धरला. समोर रस्त्यापलीकडे इमारती उभ्या होत्या, मजल्यावर मजले, खिडक्यांमागे खिडक्या.

"म्हणजे यातल्याच कुठल्यातरी घरात," काकू म्हणाल्या, "ती फांदी अजून जाड होतेय."

काका मान वर करून खिडक्या बघत राहिले. काकूही बघत राहिल्या. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला, तेव्हा कुठे दोघं बाजूला झाली.