लवूचा बाप्तिस्मा

घोडबंदरला खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या कौलारू घराला सगळं गाव पाद्रीबंगला म्हणायचं. बंगला म्हणावं असं त्यात काही नव्हतं. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून कमरेएवढं उंच जोतं, त्यावर तीन खोल्या, पुढे पडवी आणि मागे राखणदाराची एक खोली. त्या मागच्या खोलीत परशुराम राहायचा.

मी लालबाग सोडून जवळच्याच बेव्हर्ली पार्क या नव्या वसाहतीत राहायला आले एकोणनव्वद साली. नवघरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्र्याण्णवच्या मे महिन्यात घराच्या मालक ख्रिस्ती ट्रस्टचे सेक्रेटरी साळवी माझ्याकडे आले. घराला शंभर वर्षं झाली होती, त्यांना इतिहास लिहून हवा होता. पाद्री हॉब्सनसाहेबाच्या रोजनिश्या एका पेटीत पडून होत्या, सगळ्या इंग्रजीत आणि गिचमिड अक्षरात. सुट्टीत मास्तरणीला काही काम नसतं असा लोकांचा समज असतो आणि मी तो कधी खोडून काढत नाही. हो म्हटलं.

परशुराम तेव्हा साठी ओलांडलेला. खाकी अर्धी चड्डी, वर गंजी, खांद्यावर पंचा. गावातलं त्याचं भातशेत चार वर्षांपूर्वी विकलं गेलं होतं आणि तिथे चार मजल्यांची इमारत उभी होती. आता त्याला उरलं होतं ते हे घर. ते तो असा झाडायचा की पडवीत चप्पल घालून फिरायची मला भीती वाटे. पण मी पेटी उघडल्यापासून त्याचं लक्ष उडालं. मी पान उलटलं की तो दाराशी हजर.

"बाई, त्यात सगल्यांची नावं हायेत?"

"आहेत की."

"लवूचं?"

"तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात तर मला एक ओळ वाचता येणार नाही," मी म्हटलं. माझा स्वभावच असा आहे. तो मुकाट्याने चहा आणायला गेला.

तिसऱ्या रविवारी त्याने स्वतःच मनातलं पोतं रिकामं केलं. लवू म्हणजे त्याचा आजा, पाद्रीचा राखणदार. ट्रस्टच्या कागदांत लिहिलेलं होतं की या गावात एकटा लवू ख्रिस्ती झाला, म्हणून मागची खोली कायम त्याच्या वंशाकडे राहावी. आणि लवू तर कधीच ख्रिस्ती झाला नव्हता. पाद्री मायदेशी परत गेल्यावर नवे साहेब आले, त्यांनी लवूला आपला माणूस म्हणून मिठी मारली, आणि खोली जाईल या भीतीने लवू गप्प बसला.

"मरताना माज्या बापाला बोलला, साहेबानं माज्या शब्दावर इस्वास ठेवला आनि मी त्याला फसवला. तवापासून आमी बी गप हाव."

गप्प राहण्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. साळवी वर्षातून एकदा पाहणीला यायचे. त्या दिवशी परशुरामची बायको चंपा देव्हारा तांदळाच्या पिंपात ठेवायची आणि देव्हाऱ्याच्या खिळ्यावर नाताळचं कॅलेंडर लटकवायची. कॅलेंडर चौऱ्याहत्तर सालचं होतं. येशूच्या चित्रावर हळदकुंकवाचं बोट उमटलेलं होतं, कारण खिळ्यापुढे हात जोडायची तिला सवय.

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी वाचत राहिले.

हॉब्सनसाहेब या गावात बत्तीस वर्षं राहिला. तापाच्या साथीत त्याने घरोघर कोयनेल वाटलं. मिठागराचा बांध फुटला तेव्हा लवूबरोबर चिखलाच्या पाट्या उचलल्या. तो स्वतः तापाने पडला तेव्हा लवू एकवीस दिवस उशाशी बसून होता. आणि दर वर्षाच्या शेवटच्या पानावर एकच नोंद: "या वर्षीही कुणी नाही. लवू म्हणतो, पुढच्या वर्षी, भात घरात आलं की." दहाव्या वर्षी मी मोठ्याने हसले. विसाव्या वर्षी मला तो पाद्री आवडायला लागला होता.

शेवटची नोंद एकोणीसशे एकवीस सालची. ती वाचून मी परशुरामला हाक मारली आणि मराठीत सांगितली.

"मिशनच्या मंडळाला आज कळवलं की लवूचा बाप्तिस्मा झाला. बत्तीस वर्षांत मी लिहिलेलं हे पहिलं खोटं. लवूला सांगितलेलं नाही. त्याला कळलं तर भिडेखातर तो खरंच बाप्तिस्मा घेईल, आणि भिडेखातर घेतलेला मला नको. त्याच्या डोक्यावर छप्पर मात्र हवं."

परशुराम पायरीवर बसला.

"म्हंजे आज्यानं फसवला न्हाय."

"नाही. साहेबाला सगळं माहीत होतं."

त्याने पंच्याने डोळे पुसले. मलाही भरून आलं होतं, म्हणून मी घाईने म्हटलं, "हे पान मी इतिहासात घेतच नाही. कुणाला कळणार आहे?"

"न्हाय बाई. लिवा." आवाज त्याने चढवला नाही. "आमच्यापायी त्या भल्या मानसाच्या नावावर खोटं बसलंय. सत्तर वर्सं झाली. ते उतरवा."

"आणि खोली गेली तर?"

"जाईल तं जाईल."

"जाईल तं जाईल म्हने," आतून चंपा म्हणाली. "आनि मी कुटं जाऊ?"

घरी येऊन दोन दिवस मी कागदाला हात लावला नाही. मग सगळं होतं तसं लिहून काढलं.

जूनच्या पहिल्या रविवारी साळवी आले. पडवीत उभ्यानेच त्यांनी सगळी पानं वाचली, शेवटचं दोनदा. परशुराम किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभा होता. साळवी मागे गेले, आम्ही त्यांच्यामागून. खोलीत देव्हारा आपल्या जागी होता. सकाळी चंपानेच तो पिंपातून काढून, पुसून ठेवला होता. साळवींनी दाराबाहेर बूट काढले आणि आत जाऊन भिंतीकडे पाहिलं.

"दर वर्षी इथे डिसेंबर चौऱ्याहत्तर असायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, तुम्हाला ते चित्र आवडतं."

परशुरामने किल्ल्या पुढे केल्या.

"त्या ठेवा तुमच्याकडे. बाप्तिस्म्याची नोंद मी दुरुस्त करून घेतो. खोली हॉब्सनसाहेबांनी दिलेली आहे, ती काढून घेणारा मी कोण?"

एवढा चांगुलपणा नुसता घ्यायचा परशुरामला संकोच वाटत होता. शेवटी हात जोडून तो म्हणाला, "साहेब, मंग आता पुडच्या वर्सी. भात घरात आलं की."

साळवींनी माझ्याकडे पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस नोंदी त्यांनी आत्ताच वाचल्या होत्या.

"शेत इकून चार वर्सं झाली," चंपा कोपऱ्यातून म्हणाली.

"मग तर काहीच घाई नाही," साळवी म्हणाले आणि बूट घालायला खाली वाकले.