दिसू नये म्हणून टाकलेला रॉड

लहानपणी माझ्या डाव्या मांडीच्या हाडात पू झाला होता. तो बरा झाला, पण हाडाची वाढ खुंटली. कॉलेजात जाईपर्यंत तो पाय चार बोटं आखूड झाला. आमच्या गावात, गारगोटीत, मी एका पायात उंच टाचेची चप्पल घालून सगळीकडं फिरायचे. त्रास व्हायचा तो बघायला आलेल्या पावण्यांसमोर चालून दाखवताना.

तिसरं स्थळ परत गेलं तेव्हा थोरल्या भावानं मला कोल्हापूरला नेलं. तिथं पुण्याहून महिन्यातून एकदा हाडांचे डॉक्टर यायचे. त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. एक तर पायाबाहेर रिंगा लावून, रोज पाना फिरवून हाड लांबवायचं. नाहीतर हाडाच्या पोकळीत रॉड घालायचा. त्यात दोन प्रकार. एक मोटरवर चालणारा, तो परदेशातनं आणावा लागणार, म्हणजे आमच्यासाठी नव्हताच. दुसऱ्यात पाय हातानं आत-बाहेर पिळला की आतला दाता एकेक घर पुढं सरकून रॉड लांबायचा.

"पिळायचा रॉड कधी अडतो, कधी जास्तच सरकतो," डॉक्टर म्हणाले. "आणि हिचा जुना पू आत रॉड गेल्यावर पुन्हा उठू शकतो. मी रिंगाच सांगेन."

"रिंगा किती दिस ऱ्हातील?" भावानं विचारलं.

"आठ-दहा महिने."

"मग नगं. समद्या गावाला दिसंल की. आतलाच टाका."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "तुझं काय म्हणणं?"

"तिला काय कळतंय त्यातलं?" भाऊ म्हणाला.

मला सगळं कळलं होतं. तरी मी गप्प बसले. त्यासाठी मला आजही स्वतःचाच राग येतो.

ऑपरेशननंतर घरी आई पाय पिळायची. आत टक वाजलं की एक घर झालं. मी ओरडायचे, आई रडायची. शेवटी तिनं हात लावायचंच सोडलं, मग भाऊ पिळू लागला. दीड महिन्यात ताप भरला आणि जुन्या व्रणातनं पू वाहू लागला. रॉड काढावा लागला, आणि नंतर वर्षभर माझ्या मांडीवर त्याच रिंगा होत्या. गावानं बघितल्याच.

पाय जवळजवळ सारखे झाले. गुडघा मात्र निम्माच वाकतो. लग्न झालं नाही. शाळेत नोकरी लागली.

पुढं भाचीच्या साखरपुड्यात भाऊ व्याह्यांना सांगत होता, "बहिणीच्या पायासाठी आमी काय कमी केलं न्हाय. चांगल्यातला चांगला रॉड घातला."

मी शेजारीच खुर्चीवर होते. म्हटलं, "पावणं, डॉक्टर नको म्हणत होते. लोकांना दिसू नये म्हणून ह्यानं घातला."

तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. मीही बोलायला गेले नाही.