इस्त्रीच्या प्रार्थना आणि दादांचा पाय

माझी धाकटी जाऊ लॉन्ड्रीत डाग बघायचं काम करते. काउंटरवर कपडा आला की तो उलटा करायचा, कॉलर बघायची, काख बघायची, खिसे चाचपायचे, आणि डाग दिसेल तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. म्हणजे आतल्या धुणाऱ्याला कळतं, इथे मेहनत आहे. एकवीस वर्षं लोकांचा घाम हुंगून तिचं नाक असं झालंय की जिन्यावरून कोण गेलं ते ती दार न उघडता सांगते. आम्ही तिला नाकवाली म्हणतो. तोंडावर म्हणतो. मागून म्हणायला आम्ही काय परके आहोत?

माणसांची तिला भारी शिसारी. आपण घास उचलावा आणि तिने सांगावं, "ताई, आज एका कोटाच्या खिशात अर्धं उकडलेलं अंडं निघालं. कोट महिनाभर कपाटात होता म्हणे." झालं, घास खाली.

आणि अशा बाईकडे चर्चची रोजची प्रार्थना. रोजचं शास्त्रवाचन ठरलेलं असतं. सकाळी ते वाचायचं, मनात घोळवायचं, आणि त्यातून जे उगवेल ते चार ओळींत लिहायचं. सहा वर्षांपूर्वी फादरांनी हे काम तिला दिलं, कारण अख्ख्या चर्चमध्ये वाचता येईल असं अक्षर तेवढं तिचंच. प्रार्थना दारातल्या फळ्यावर लागते आणि फोनच्या ग्रुपवरही येते. फादरांची अट एकच होती, रोजची रोज लिहायची. शिळी नको.

आमची बाई काय करायची? महिन्यातला एक रविवार दुपारी पाय पसरून बसायची आणि लॉन्ड्रीच्या गुलाबी चिठ्ठ्यांच्या पाठीवर तीसच्या तीस प्रार्थना उरकून वर रबर लावायची. बरं, प्रार्थना तरी कशा? ओंजळ, पाकळी, सुगंध, दवबिंदू. कडक इस्त्रीच्या. वाचताना मला बाई पाकात माशी पडलेली दिसायची. मी चिडवायचे, "अगं, तुझ्या देवाला सर्दी आहे का? किती तो वास फुलांचा." ती म्हणायची, "दिवसभर लोकांच्या काखा हुंगते, ताई. देवाकडे तरी चांगला वास असू दे."

मग दादा आले.

दादा म्हणजे आमचे थोरले दीर. लग्न केलं नाही, जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि जन्मभर लोकांना शिव्या दिल्या. साखरेच्या आजाराने पायाला जखम झाली. हॉस्पिटलात एक बोट कापलं आणि घरी पाठवलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "तीन आठवडे रोज दोन वेळा नीट ड्रेसिंग झालं तर पाय राहील. नाही झालं तर गुडघ्याखालून काढावा लागेल."

मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्या माणसाला लिफ्ट नाही म्हणून घरात घेता येईना. हे कारण मी इतक्या पटकन पुढे केलं की माझी मलाच लाज वाटली. पण घेतलं मागे? नाही. नाकवालीचं घर तळमजल्यावर. दादा तिच्या बाहेरच्या खोलीत आले.

घरी येणारी नर्स चार दिवस टिकली. दादांनी तिला काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पाचव्या दिवशी ती आलीच नाही. धाकट्या दिरांनी पट्टी सोडायला घेतली आणि दुसऱ्याच वेढ्याला भिंत धरून खाली बसले. नाकवाली नाकाला पदर लावून ताट सरकवायची आणि पळायची. दोन दिवस असेच गेले. तो म्हणे ही करेल, ही म्हणे तो करेल, आणि मी वरून फोनवर म्हणे, "कुणीतरी करा गं." पट्टी पिवळी झाली, मग कडेने हिरवट. वास जिन्यात यायला लागला. माझ्यासारख्या साध्या नाकाच्या बाईलाही यायला लागला.

सातव्या सकाळी मी खाली गेले. नाकवाली लॉन्ड्रीला निघायच्या घाईत, दादा खाटेवर फोन डोळ्यांपाशी धरून.

"धाकटे, इकडे ये," ते म्हणाले. "हे तुझंच ना?"

त्या दिवशीचं वाचन होतं कुष्ठरोग्याला प्रभूने हात लावला त्याचं. दादांनी लिफ्टची पाटी वाचावी तसं वाचलं, "प्रभू, ज्यांना कोणी शिवत नाही त्यांना शिवण्यासाठी माझे हात घे. त्यांना पाकळ्यांसारखे कोमल कर." मग बोटाने स्क्रीन वर सरकवली. "खाली सदुसष्ट जणांनी हात जोडलेत. तुझे कुठे आहेत?"

तिचं तोंड असं झालं, जणू कुणी तिच्याच कपड्यावर लाल टाका घातलाय.

"मी ती महिन्यापूर्वी लिहिलीय, दादा," ती म्हणाली.

"मग शिळी आहे. वास येतोच आहे."

तिने पर्स खाली ठेवली. पदर खोचला. मला म्हणाली, "ताई, बादली." मी बादली आणली आणि दारातच उभी राहिले. आत नाही गेले, उगाच खोटं कशाला सांगू?

शेवटचा वेढा कातडीसकट निघाला. काय होतं ते सांगितलं तर तुम्ही आज जेवणार नाही. ओला सूट पिशवीत बांधून महिना ठेवावा तसा वास. खालचं मांस करडं, चिकट. नाकवाली बादलीकडे वळली आणि भडभडून ओकली. "माझ्या पायावर नको," दादा म्हणाले. तिने तोंड पुसलं आणि कापूस उचलला.

आणि तिथे तिने घोळ घातला. डागाचा नियम असा की कडेकडून मधे यायचं, म्हणजे डाग पसरत नाही. एकवीस वर्षांची सवय. तिने जखमही तशीच पुसली, कडेची सगळी घाण मधे नेत. चार वेळा, अगदी मन लावून. वर नव्या पट्टीवर सवयीने लाल टाकासुद्धा घातला. दादा म्हणाले, "मला धुवायला टाकतेस काय?"

तिसऱ्या दिवशी दादांना ताप भरला आणि पाय घोट्यापर्यंत लाल. मी त्याच जुन्या नर्सला फोन लावला, हातापाया पडून. ती म्हणाली, "मधून बाहेर पुसायचं असतं हो. त्यांना पाय नको असेल तर तसं सांगा." डॉक्टरांना विचारून तिने औषध बदललं. दोन दिवसांत लाली उतरली नाही तर लगेच घेऊन या, म्हणाली.

ते दोन दिवस नाकवालीचं एकच. मधून बाहेर पुसायची, ओकायची, हात कोपरापर्यंत डेटॉलने घासायची. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उतरले तर ती मोरीपाशी बसून ओल्या हाताने चिठ्ठी लिहीत होती. रबर लावलेला गठ्ठा कचऱ्याच्या डब्यात. त्या दिवशीचं वाचन होतं चार दिवस थडग्यात असलेल्या भावाचं, जिथे बहीण प्रभूला सांगते की धोंड काढू नका, आता वास येत असेल. नाकवालीने लिहिलं होतं:

"प्रभू, ती बाई खोटं बोलत नव्हती. वास येतो. मला किळस येते आणि ती जात नाही. मीच घाण आत ढकलली. धोंड मी काढते, पण पाय तू राख."

फळ्यावर ती लागली तेव्हा गाण्याच्या ताफ्यातल्या एका बाईने ग्रुपवर लिहिलं, सकाळी सकाळी देवाच्या दारात हे काय. हात जोडणारे नऊच. फादरांनी चिठ्ठी काढली नाही.

लाली संध्याकाळी घोट्याखाली आली.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "करंगळी जाईल. पाय राहतो." दादा बोटं मोजत म्हणाले, "आठ. बास आहेत." परतताना नाकवाली रिक्षातून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "आता सवय झाली असेल ना गं?"

"नाही," ती म्हणाली. "आज सकाळीही ओकले. उद्याही ओकेन."

आता ती पट्टी झाली की मोरीपाशी बसून रोजची रोज लिहिते, आणि फळ्यावर जाण्याआधी चिठ्ठी दादांच्या हातात देते. त्यांनी जन्मात कधी आमेन म्हटलं नाही, अजूनही म्हणत नाहीत. चिठ्ठी नाकाशी नेतात. डेटॉलचा वास आला की म्हणतात, "हं. आजची आहे. लाव."