ही बॅग कुणाची?

माझ्या मावशीला अख्खं बसस्थानक मावशी म्हणायचं आणि मला त्याचा राग यायचा. ती आईची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे मावशी म्हणायचा हक्क खरं तर माझा एकटीचा. पण ड्रायव्हर, कंडक्टर, चहावाला, एवढंच काय, वयाने तिच्यापेक्षा मोठे असलेले स्थानकप्रमुखसुद्धा तिला मावशीच म्हणत. सव्वीस वर्षं ती तिथे फरशी पुसत होती. नर्सिंग शिकायला म्हणून मी तिच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "घरातली फरशी तू पुसायची. मी दिवसभर तेच करते."

तिची पुसायची एक रीत होती. बाकांखाली प्रवाशांच्या बॅगा असायच्या. मालक डुलक्या घेत असायचे, नाहीतर बॅगेला जागा राखायला बसवून चहाला गेलेले असायचे. एकेकाला उठवत बसलं तर सकाळची दुपार व्हायची. म्हणून मावशी डाव्या हाताने बॅग उचलायची, उजव्या हाताने खालून पुसायची, आणि जिथे कोरडं असेल तिथे ती ठेवून पुढे सरकायची. सकाळभरात चाळीसेक बॅगा सहज होत. "हाताला सवय आहे, बघावंसुद्धा लागत नाही," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

त्या वर्षी पोलिसांनी स्थानकातल्या सगळ्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं. बाकीचे फुकटच्या जेवणाला गेले, मावशी शिकायला गेली. बेवारस बॅग दिसली तर काय करायचं, ते घरी येऊन तिने मला समोर उभं करून शिकवलं. हात लावायचा नाही. मोठ्याने तीनदा विचारायचं, ही बॅग कुणाची. कुणी बोललं नाही तर तीन गोष्टी बघायच्या. मुद्दाम लपवून ठेवल्यासारखी आहे का, आतून काही भलतंसलतं डोकावतंय का, आणि शहाणा माणूस अशा जागी बॅग ठेवेल का. नुसती विसरलेली दिसली तर साहेबांना सांगायचं. पण तिन्ही उत्तरं वाईट आली तर माणसं लांब न्यायची आणि फोन करायचा, तोही बॅगेपासून दूर जाऊन.

पुढचे आठ दिवस तिने माझं डोकं उठवलं. माझ्या छत्रीसमोर उभी राहून विचारायची, ही छत्री कुणाची. एकदा तर गॅसवरच्या पातेल्याला विचारलं. मी तीनदा गप्प बसले की म्हणायची, "झालं, आता फोन करावा लागणार." फरशी पुसताना उचललेल्या बॅगांचं काय, हे मात्र त्या प्रशिक्षणात कुणीच बोललं नव्हतं. शिकवणाऱ्यांपैकी कुणी कधी फरशी पुसलेली नसावी.

आणि मग तो दिवस आला. त्या दिवशी माझी नोकरीची परीक्षा होती. सरकारी दवाखान्यात परिचारिकांच्या साठ जागा, आणि अर्ज किती आले होते ते मी मुद्दामच बघितलं नव्हतं. परीक्षा मोठ्या शहरात, साडेअकराला. आठ दहाची गाडी अडीच तासांत तिथे पोचवायची. त्या गाडीने जाणाऱ्या आम्ही वीस-बावीस मुली होतो. सगळ्यांच्या हातात वह्या, सगळ्यांचे ओठ हलत होते. मावशीने येता-जाता दोनदा मला विचारलं, "ओळखपत्र घेतलंस ना?" दोन्ही वेळा मी वसकन अंगावर गेले.

आठला दहा मिनिटं कमी असतील. बादली रिकामी करून मावशी परत आली आणि प्रतीक्षागृहाच्या कोपऱ्यात थबकली. तिथे वजन करायचं जुनं यंत्र होतं, कित्येक वर्षं बंद पडलेलं. त्याच्यामागे, भिंतीच्या फटीत, एक काळपट बॅग कोंबलेली होती. चेन अर्धी उघडी, आणि त्यातून तांबड्या वायरचं एक टोक बाहेर आलेलं.

"ही बॅग कुणाची?" मावशीने विचारलं.

पहिल्यांदा सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्यांदा सगळ्यांनी आपापल्या बॅगा चाचपल्या. तिसऱ्यांदा तिने चौकशीच्या खिडकीतल्या बाईंकडून माइकवर विचारून घेतलं, तेव्हाही कुणी पुढे आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला भीतीबरोबर मजाही वाटत होती. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतंय, आणि घडवतेय माझी मावशी.

स्थानकप्रमुख धावत आले. त्यांनी लांबूनच बॅग बघितली, घड्याळ बघितलं, आणि म्हणाले, "मावशी, आठ दहाची गाडी तेवढी जाऊ दे. मुलींची परीक्षा आहे. मग बघू."

"गाडी कुठे लागलीय साहेब?"

गाडी त्याच भिंतीच्या पलीकडे लागली होती, यंत्रापासून फार तर पंधरा पावलांवर. साहेब रस्त्याकडे चालत गेले, आणि तिथून त्यांनी फोन लावला.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. मावशीने हातातला झाडूच आडवा धरला आणि माणसं दारातून बाहेर लोटायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, पण एकाचंही ऐकून घेतलं नाही. एका आजोबांना चष्म्याचं घर आणायला परत जायचं होतं. चहावाला दूध उकळतंय म्हणून हलेना. मावशीने स्वतः त्याची शेगडी बंद केली, तेव्हा तो पळी हातात घेऊनच बाहेर आला आणि पुढचा तासभर ती पळी तशीच धरून उभा होता. ड्रायव्हर-कंडक्टर गाड्या सोडून आले. आठ मिनिटांत स्थानक ओस पडलं, आणि आम्ही सगळे समोरच्या मैदानात, साहेबांनी बांधून घेतलेल्या दोरीच्या अलीकडे. मी बाजूच्या मुलीला अभिमानाने सांगितलं, "ती माझी मावशी."

आठ वीस झाले. आठ पस्तीस झाले. बॉम्बशोधक पथक जिल्ह्याहून निघालं होतं. मुलींच्या वह्या केव्हाच मिटल्या होत्या, सगळ्या एकमेकींच्या घड्याळात बघत होत्या. नऊच्या पुढे गाडी सुटली तर पहिली घंटा चुकणार, हा हिशोब सगळ्यांचा झाला होता. मी मावशीला शोधत गेले. ती दोरीच्या टोकाला आपल्या डाव्या हाताकडे बघत उभी होती. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं गं?"

"सकाळी तिसऱ्या बाकाखालची एक बॅग जड लागली होती हाताला," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळीकडे ओलं होतं. कोरडं फक्त त्या यंत्रामागे होतं."

मला कळायला दोन क्षण लागले. मग माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तूच ठेवलीस? मग सांग ना साहेबांना. पाच मिनिटांत सगळे मोकळे होतील. मावशी, माझी परीक्षा आहे."

"तीच बॅग होती का, ते आठवत नाही. मी बघितलीच नव्हती."

"तीच असणार. दुसरी कुठली असेल? जा ना."

ती गेली. मी मागोमाग होते, आणि माझ्या मागोमाग निम्म्या मुली. साहेबांसमोर मावशी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, ती बॅग तिथे मीच ठेवली असेन. पुसताना."

साहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचं पोट हललं. "मग सोडू लोकांना?"

"नको."

"अगं, तूच ठेवलीस ना?"

"तिथे मी ठेवली. बाकाखाली कुणी ठेवली ते मला ठाऊक नाही, आणि आत काय आहे तेही नाही. तीनदा विचारलं, कुणी आलं नाही. वायर बाहेर दिसते. माझी चूक झाली म्हणून आतलं सामान बदलत नाही साहेब. पथक बघेल, मग सोडा."

साहेबांनी एकदा मावशीकडे, एकदा मुलींच्या घोळक्याकडे बघितलं, आणि गाडी सुटणार नाही असं मानेनेच सांगितलं. मग घोळका भडकला. कुणी म्हणालं, स्वतःच ठेवायची आणि स्वतःच बोंब मारायची. कुणी म्हणालं, आमच्या वर्षाचं नुकसान कोण भरून देणार. मावशी ऐकत राहिली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी काय केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, "या बाईला काही कळत नाही."

मावशी म्हणाले नाही. बाई म्हणाले.

नऊला पाच कमी असताना पथक आलं. जाड कपड्यांतला माणूस आत गेला, त्याच्याआधी कुत्रा गेला. मैदानातली शे-दीडशे माणसं टाचा उंचावून बघत होती. कुत्र्याने बॅग हुंगली, यंत्र हुंगलं आणि तो चहावाल्याच्या टपरीकडे वळला. तरी त्या माणसाने आपलं काम सावकाश, शेवटपर्यंत केलं. मग बाहेर येऊन त्याने बॅग उघडून दाखवली. मिक्सरच्या दोन मोटारी, वायरींचं भेंडोळं, पेचकस आणि डब्यात चार चपात्या.

तेवढ्यात एक किडकिडीत माणूस पोलिसाला घेऊन धावत आला. तो मिक्सर दुरुस्त करायचा. बाकाखाली बॅग ठेवून तो हात-पाय धुवायला गेला, परत आला तर बॅग गायब. चोरी झाली म्हणून तो थेट बाजारातल्या चौकीवर गेला आणि तासभर तिथे तक्रार लिहीत बसला. माइकवर त्याची बॅग पुकारली जात होती, तेव्हा तो हवालदाराला तिचा रंग सांगत होता.

लोक हसले. मैदानात एकदम जत्रा भरल्यासारखा गोंगाट झाला. चहावाला पळी नाचवत पळाला. आमचा ड्रायव्हर ओरडला, "मुलींनो, बसा पटकन, आज गाडीला चाकं नाहीत, पंख आहेत." खिडकीतून मला दिसलं, मावशी गाडीकडे येत होती. मी काच लावून घेतली.

ड्रायव्हरने जिवाची शर्थ केली. तरी परीक्षागृहात आम्हाला घेतलं ते पंचवीस मिनिटं उशिराने. माझे अकरा प्रश्न सोडवायचे राहिले. त्या वर्षीच्या निवड यादीत माझं नाव आलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. ते दुसऱ्या वर्षी आलं. पण त्या दिवशी परतताना पुढचं वर्ष काही दिसत नव्हतं, फक्त ते अकरा प्रश्न दिसत होते. मी ठरवलं, मावशीशी बोलायचं नाही. आज नाही, उद्या नाही, या घरात आहे तोवर नाही.

स्थानकात उतरले तर साहेबांनी हाक मारली. त्यांच्या टेबलावर एक कागद होता, मावशीच्या मोठ्या, तिरक्या अक्षरातला. बॅग मी हलवली, माझ्यामुळे मालकाला सापडली नाही, पुढे पुसताना कुणीही बॅग उचलू नये, आधी विचारावं, असं तिने लिहून दिलं होतं.

"मी म्हटलं, लिहू नकोस," साहेब म्हणाले. "पथकवाले तर तिला शाबासकी देऊन गेले होते. सव्वीस वर्षांत तिच्या नावावर एक शेरा नाही. आता लागेल. तर म्हणते, नाही लिहिलं तर उद्या दुसरी कुणीतरी अशीच बॅग उचलेल."

मी घरी आले. बॅग दारातच आदळली आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. रडू येत होतं, पण कशाचं ते नीट सांगता आलं नसतं. अकरा प्रश्नांचं होतं, आणि त्या एका शब्दाचंही होतं.

सातच्या सुमाराला जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. दारात येऊन थांबल्या. आत आल्या नाहीत.

"ही बॅग कुणाची?"

मी डोळे मिटून घेतले. बॅग तिनेच मला घेऊन दिली होती, पट्ट्याला तिनेच शिवलेला हिरवा दोरा होता. मी उत्तर दिलं नाही.

"ही बॅग कुणाची?"

या वेळी जरा मोठ्याने. शेजारच्या काकूंचं दार उघडल्याचा आवाज आला. बॅग ओलांडून आत येणं काही अवघड नव्हतं, एक पाऊल टाकलं की झालं असतं. ती दिवसभर उभी होती, सकाळपासून बहुधा काही खाल्लंही नव्हतं. पण ती तिथेच उभी राहिली.

तिसऱ्यांदा विचारायला तिने बराच वेळ घेतला. आणि विचारलं तेव्हा आवाज अगदी लहान झाला होता.

"कुणाची आहे गं ही बॅग?"

मी उठून दारात गेले.

"माझी आहे, मावशी," मी म्हणाले. "माझीच आहे."

"मग उचल," ती म्हणाली, आणि मी बॅग उचलल्यावरच तिने चपला काढल्या.