एकोणीस सुयांचा हिशेब

मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यातल्या मुख्य बाईंना सगळे कडकताई म्हणत. बावीस वर्षं वाफेत उभं राहून त्यांचा चेहरा सदा लालबुंद असे, त्यामुळे त्या रागावल्यात की नाही हे कळायला मार्ग नव्हता. रागावल्यात असं धरून चालणंच शहाणपणाचं.

एका थंडीत मात्र त्या खरोखर रागावल्या. फ्लूची साथ आली आणि एकोणिसांपैकी अकरा जणींनी अंथरूण धरलं. धुतलेल्या चादरी पुरेनात, खाटा रिकाम्या राहू लागल्या, धुणं बाहेर पाठवावं लागलं. त्यात रोजंदारीचा नियम असा, की सलग दहा दिवस खाडा झाला की हजेरीपटावरून नाव कमी. दोघी अकराव्या दिवशी खोकत खोकत दारात आल्या, तर त्यांची नावं कापलेली. ताईंच्या ते फार जिव्हारी लागलं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच त्या तडक हिशेबनिसांकडे गेल्या. फ्लूची लस तेव्हा फक्त डॉक्टरांना आणि नर्सना मिळे.

“रुग्णाला हात लावतात त्यांनाच लस, ताई,” हिशेबनीस म्हणाले. “सगळ्यांना टोचत बसलो तर दिवाळं निघेल.”

“आणि रुग्णाच्या चादरीला कोण हात लावतं? भूत?”

बऱ्याच घासाघिशीनंतर एका थंडीपुरती मंजुरी मिळाली. खर्च भरून निघाला नाही तर लस बंद.

दुसरी थंडी सुरू होण्याआधी एकोणीस जणींना टोचून झालं. त्यानंतर कोणी नुसतं शिंकलं तरी ताई धावत जाऊन तिच्या कपाळाला हात लावून बघत. तिघी आजारी पडल्याच. पहिलीला ताप चढला तेव्हा सगळं पाण्यात गेलं असंच ताईंना वाटलं. पण पाचव्या दिवशी ती हजर! उरलेल्या दोघीही आठवड्याच्या आत परतल्या. एकही खाट चादरीवाचून अडली नाही, एकही नाव कापलं गेलं नाही.

हिशेबनीस तरीही बधेनात. “यंदा साथच सौम्य असेल, ताई. लसीला श्रेय कसं द्यायचं?”

प्रश्न रास्त होता, हे कबूल करायला हवं. ताई त्यांना घेऊन भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात गेल्या. छप्पर तेच, थंडी तीच, फक्त इथं लस नव्हती. सोळांपैकी नऊ जण आजारी. मुख्य आचारी एकटाच तीन पातेल्यांशी झटत होता आणि बाकीचं जेवण दोन आठवडे बाहेरून येत होतं.

“ह्याचं बिल तुमच्याच सहीनं जातं ना, साहेब?”

हिशेबनिसांनी तिथंच पिठाच्या डब्यावर कागद ठेवून आकडे मांडले. पुन्हा मांडले. बाहेरच्या जेवणाच्या पैशांत धुलाईखाना, स्वयंपाकघर आणि सफाईवाले सगळ्यांची लस होऊन वर पैसे उरत होते. माणूस चिक्कू, पण प्रामाणिक.

“हरलो,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी सगळ्यांना.”

दुसरं कोणी असतं तर आभार मानून निघालं असतं. “अजून एक रक्कम राहिली,” ताई म्हणाल्या. “त्या दोघींच्या जागी आलेल्या सोडून चालल्यात. पुन्हा नव्या घ्या, पुन्हा तीन महिने शिकवा. नवख्या हातांनी इस्त्रीत जाळलेल्या चादरी वेगळ्याच. तो खर्च धरा.”

“हा काही लसीचा विषय नाही.”

“आजारपणाचा तर आहे? हाताखाली तयार झालेलं माणूस तापापायी घालवलंत. ते काय फुकट आलं होतं?”

हिशेबनिसांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी ती रक्कम धरली आणि खाली लिहिलं, की तापाच्या खाड्यासाठी नाव कमी करू नये, त्या दोघींना परत बोलवावं.

पुढच्या थंडीआधी लस टोचायचा दिवस आला. रांग धुलाईखान्यातून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. यादीत पहिली नावं त्या दोघींची होती. नर्सनं नाव पुकारताच पहिली पुढे आली आणि बाही वर करता करताच तिला रडू कोसळलं.

“सुईला घाबरलीस का गं?” नर्सनं विचारलं.

“सुईला कोण घाबरतंय! माझं नाव पुकारलंत ना, म्हणून. परत एकदा पुकारा की.”

नर्सनं पुन्हा पुकारलं, चांगलं रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू जाईल असं.