निष्कर्षाखाली माझं नाव

"ही आमची रोहणा गावची पोरगी. राखीव कोट्यातून आली, पण मेहनती आहे. खेड्यात पाठवायला बरी पडते."

सरांनी मंचावरून माझी ओळख अशी करून दिली. वर्ध्याचं ते सभागृह हसलं. मी अर्थशास्त्रात पीएचडी केलेली. कित्येक वर्षं सरांच्याच संस्थेत शिक्षणाच्या योजना तपासलेल्या. सर मला मुलगी म्हणायचे. मीही हसले. सवयीनं.

मग पडद्यावर टॅब-योजनेवरच्या माझ्या अहवालाचा निष्कर्ष आला. टॅबवर शिकणारी मुलं उत्तम वाचतात. योजना साऱ्या जिल्ह्यात न्यावी. जादा शिक्षिका कमी कराव्यात. खाली माझं नाव.

मी हे लिहिलंच नव्हतं.

हिंगणीच्या शाळेत मी स्वतः मुलांचं वाचन तपासलं होतं. टॅबवरच्या गोष्टी तोंडपाठ. त्याच गोष्टींतले शब्द कागदावर उलटसुलट करून दिले, की गप्प. वाचत होती ती फक्त शिक्षिकेपाशी बसणारी. तेच लिहिलं. सरांनी वाचून पाठीवर थाप मारली होती. "छान काम."

हिंगणीच्या एका मुलीची आई, सुनंदाबाई, सभागृहात होती. पाहुण्यांना फुलं द्यायला आणलेली. शाळेत तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, माही पोरगी खरंच वाचून राह्यली का?" मी खरं ते सांगितलं होतं.

आता ती खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापाशी आली.

"तुम्ही तं नाई म्हणल्या होत्या. मंग असं काऊन लिवलं?"

तिच्या लेखी मी आणि सर एकच होतो. ते मला सोसवलं नाही. उठले. जागेवरूनच ओरडले, "हा निष्कर्ष माझा नाही! मुलं वाचत नाहीत. शिक्षिका काढू नका."

सर हळूच बोलले, पण माईक चालू होता. "खाली बस. तुम्हा लोकांना कितीही वर आणा..."

पुढचं त्यांनी गिळलं. मला ऐकायची गरजही नव्हती.

"मले तुम्ही नाई आणलं वर," मी म्हणाले. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच माझी बोली तोंडातून निघाली. "मी शिकून आली."

नोकरी गेली. अहवाल तसाच छापला, फक्त माझं नाव काढलं. हिंगणीची शिक्षिकाही गेली.

आता वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या एका खोलीतून एकटीच शाळा तपासायचं काम करते. मध्यंतरी सरांचा निरोप आला. माफी माग, परत ये.

माफी मागणार नाही. ज्या गावची मुलं तपासेन, त्या गावच्या ग्रामसभेत निकाल आधी सांगेन. आयांसमोर, वऱ्हाडीत. साहेबलोकांनी मग तो छापावा नाहीतर फाडावा. गावानं ऐकलेलं त्यांना बदलता येणार नाही.