कपाटातले वीस टॅब

परवा नव्या मिक्सरचं खोकं उघडलं आणि थर्माकोलच्या वासाने आमच्या गावची शाळा आठवली. एका कंपनीने शाळेला थर्माकोल भरलेल्या खोक्यांतून वीस टॅब दिले होते आणि शाळा समितीत असल्यामुळे कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. दर शनिवारी मी ते मोजून पुन्हा कुलूप लावायचो. सातवीतली माझी मुलगी म्हणायची, "बाबा, एकदा तरी चालू करूया ना." मी म्हणायचो, "नाय गो, एक फुटला तर जाब मला द्यायचा हाय." दोन वर्षांनी पेणहून शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा सगळ्या बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. साहेबांनी तरीही मोजले आणि म्हणाले, "वीसच्या वीस, शाबास!" घरी हे सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "मोजायला चालू कशाला लागतात?" त्यानंतर तिने माझ्याकडे काहीच सांभाळायला दिलेलं नाही.